दहापट खोल

ठाण्याच्या खाडीचा तळ मी पाहिलेला नाही.
माझ्याकडे त्याचे चौदा हजार दोनशे बारा बिंदू आहेत:
अक्षांश, रेखांश, खोली,
आणि एक रकाना, ज्यात भरती-ओहोटीची दुरुस्ती
कुणीतरी अर्ध्यावर टाकून गेलं होतं.

ती पुरी करण्यात दोन दिवस गेले.
मग बिंदूला बिंदू जोडत त्रिकोण विणले,
त्यांच्यावर वायव्येकडून उजेड पाडला,
कारण खालच्या अंगाने पाडला
तर खड्डे टेकड्यांसारखे दिसतात,
आणि बघणाऱ्याला ते सांगूनही पटत नाही.

पडद्यावर खाडी आली. सपाट.
एवढी रुंद,
आणि खोली म्हणाल तर परातीच्या काठाएवढीसुद्धा नाही.
उभा अक्ष दहाने गुणला
तेव्हा कुठे कडे उभे राहिले, घळी उघडल्या.
शेजारच्या टेबलावरून मेहेरनाझ म्हणाली,
"बापरे, हे आपल्या मानखुर्दजवळ आहे?"
नाही, म्हटलं.
म्हणजे आहे. दहाने भागून.

रंग आधी इंद्रधनुष्याचे दिले, सगळेच देतात म्हणून.
देवस्थळी सर खुर्ची ओढून बसले.
बराच वेळ चष्मा पुसत राहिले
आणि निवृत्तीला चार महिने उरलेले असताना म्हणाले,
"लाल कुठे संपतो आणि हिरवा कुठे लागतो
मला कळत नाही गं. कधीच कळलं नाही.
मीटिंगला आकडे पाठ करून जायचो."
सत्तावीस वर्षं.
भिंतीवर त्यांच्याच सहीचे लाल-हिरवे नकाशे.

त्या रात्री मी सगळी पट्टी बदलली.
उथळ तिथे ताक,
मग धुतलेला निळा, मग न धुतलेला,
मग शाई, आणि शेवटी दौतीचं बूड.
सकाळी सरांनी एका खोलगट जागेवर बोट ठेवलं
आणि चहा येईपर्यंत उचललं नाही.

पोशा भांजी ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातले.
मोजणीला बोट त्यांचीच होती, भाड्याची.
उन्हात पडदा दिसेना, म्हणून त्यांनी
माझ्या डोक्यावरून आपला टॉवेल धरला
आणि दोघं आत वाकलो, बर्फाच्या पेटीवर.
"ही नळी बरोबर. हा दगड बरोबर.
आन् हे काय गुळगुळीत केलंस, बाय?
हिथं तर आपून गेलोच नाय."

खरं होतं. डोलजाळ्याचे खुंट होते तिथे,
बोट वळसा घालून गेली होती.
आकडे नव्हतेच. प्रोग्रॅमने
या काठाचा हात त्या काठाला देऊन
मधला चिखल आपल्या मनाने अंथरला होता,
इतका देखणा,
की सादरीकरणाच्या पहिल्या पानावर
मी नेमका तोच तुकडा मोठा करून लावला होता.

"मग खाली काय आहे?"
"बार्ज हाय, बुडालेला. बापाच्या येळचा.
जालं फाटलं का समजतं."
"किती खोल?"
त्यांनी दोन्ही हात पसरले,
क्षणभर पाण्याकडे बघून जरा आखडते घेतले.
"तीन वाव. नाय, पावणेतीन."

मी तो तुकडा कापून काढला.
तिथे आता तिरप्या राखाडी रेघा,
आणि सूचीत बारीक अक्षरात एक ओळ:
येथे मोजलेले नाही.

पावणेतीन वाव मी वहीत लिहून ठेवलेत.
त्याला रकाना नाही.

मंत्रालयातून आलेल्या साहेबांनी विचारलं,
"हे छपाईत गेलं का? एवढं भरून द्या,
डोळ्यांना बरं दिसत नाही."
भरायला काही लागत नाही,
एका ठिकाणी शून्याचा एक करायचा.
मी सरांकडे पाहिलं.
सर नकाशावर वाकलेले,
नाक जवळजवळ कागदाला लागलेलं.
"राहू द्या," म्हणाले, "राखाडी मला नीट दिसतो."